भाऊशेठच्या दुकानातला बटणाचा चहा

लिहायला बसलोय खरा, पण आधी माफी मागतो. या अंकात दरवर्षी ज्यांचे अनुभव छापून येतात, ती माणसं मोठी असतात. कोणी निवृत्त फौजदार, कोणी गावोगावची बाळंतपणं केलेल्या परिचारिका, कोणी धरणाच्या कामावर हयात घालवलेले ओव्हरसिअर. माझी नोकरी जेमतेम अडीच वर्षांची, आणि तीही चहाच्या मशीनची. संपादकांना मी दोनदा नाही म्हणालो. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्यासमोर चहा ठेवला आणि मी तो घेतला. चहा घेतल्यावर नाही म्हणता येत नाही, हे मला जाफराबादला शिकवलं गेलं आहे. ते कसं, तेच सांगतो. काही चुकलं तर एका विद्यार्थ्याचं लिखाण म्हणून सोडून द्यावं.

मी धावड्याचा. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. जालन्याला बी.एस्सी. करत होतो आणि खोलीचं भाडं निघावं म्हणून दिनेशभाईंच्या एजन्सीत लागलो होतो. दिनेशभाई चहा-कॉफीची मशीनं दुकानांत, दवाखान्यांत, कारखान्यांच्या ऑफिसांत बसवायचे. बसवायचं, धुवायचं, बिघडलं की नीट करायचं हे काम माझ्याकडे. वडिलांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मंग बी.एस्सी.त चहाच शिकवून राह्यले का?" आई मात्र गल्लीत सांगायची की पोरगा मशीनवर साहेब आहे.

ज्यांनी हे मशीन फक्त बाहेरून पाहिलंय त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आत काहीही चमत्कार नसतो. मागे पाण्याची टाकी, तिच्यात गिझरसारखा हीटर. वर दोन-तीन डबे, त्यांत चहा, दूध, साखर आधीच एकत्र केलेली पावडर. बटण दाबलं की एक छोटी मोटर मापाची पावडर खाली ढकलते, एक व्हॉल्व्ह उघडून गरम पाणी सोडतो, एक इवलासा पंखा दोन्ही घुसळतो आणि नळीतून चहा येतो. एवढंच. पण ही पावडर गोड असते, त्यामुळे आपल्याआधी मुंग्यांना तिचा पत्ता लागतो. पाणी बोअरचं असतं, त्यामुळे हीटरवर पांढरा थर चढतो. तो लिंबूसत्त्वाच्या पाण्यानं उतरवावा लागतो. मागची बाजू उबदार असते, त्यामुळे थंडीत तिथे पालीपासून मांजरापर्यंत कोणीही मुक्कामाला येतं. भोकरदनच्या एका दवाखान्यात तर पेशंट बटणाजवळ येऊन हात पुढे करायचे आणि विचारायचे, "हे जेवणाआधी घ्यायचं का जेवणानंतर?" तिथे मी एक पाटी लावली: 'हा चहा आहे.' त्यानंतर लोक डॉक्टरांना विचारू लागले की आपल्याला चहा चालेल का.

पण सांगायची गोष्ट जाफराबादची आहे. दिनेशभाईंचं तिकडे एकही मशीन नव्हतं. ते म्हणाले, "एक मशीन तिकडं हंगामभर टिकवून दाखव. टिकलं तर त्या बाजूची सगळी लाइन तुझी, परीक्षेपर्यंत बघायला नको. न्हाई टिकलं तर मला एवढ्या लांब माणूस पाठवणं परवडत न्हाई." म्हणजे काम गेलं. काम गेलं की खोली गेली, आणि खोली गेली की शेवटचं वर्ष गेलं. वडिलांनी गावातल्या एका ट्रॅक्टरवाल्याशी माझ्याबद्दल बोलून ठेवलेलंच होतं.

मशीन घ्यायला तयार झाले ते भाऊशेठ. भुसार मालाचे जुने व्यापारी. सोयाबीन, तूर, मका, जे येईल ते घ्यायचे. त्यांच्या समोरचा हॉटेलवाला गाव सोडून गेला होता आणि चहा लांबून आणावा लागत होता. दसऱ्याच्या तोंडावर आमच्या टेम्पोचा ड्रायव्हर सलीम आणि मी मशीन घेऊन पोहोचलो. शेठनी नारळ मशीनवरच फोडायचा आग्रह धरला. मी हात जोडून तो पायरीवर फोडायला लावला. बटणांना कुंकू मात्र लागलंच.

दुकानात तेव्हा पाच-सहा शेतकरी बसले होते. बाहेर त्यांचा माल उभा होता. मी विचार केला, पहिल्याच दिवशी सगळ्यांना पाजावं. ट्रेमध्ये कप भरून मी एकेकासमोर धरला. एकानंही हात पुढे केला नाही. एकानं तर दोन्ही हात मागे बांधून घेतले.

"आत्ताच झाला," पहिला म्हणाला.

"आत्ताच झाला," दुसरा म्हणाला.

तिसऱ्याच्या तोंडावर तर सकाळपासून काही पोटात गेलं नसल्याचं स्पष्ट दिसत होतं. तोही म्हणाला, "आत्ताच झाला."

मला वाटलं, मशीनला बिचकले. मी तिथल्या तिथे छोटंसं भाषण केलं. आत सगळं कसं स्वच्छ आहे, पाणी कसं उकळलेलं आहे. "आणि मुख्य म्हणजे," मी म्हणालो, "याला माणसाचा हातच लागत नाही!"

"तेच तर वांधं हाय," कोपऱ्यातून कोणीतरी पुटपुटलं.

एक तरुण शेतकरी होता, माझ्याच वयाचा. त्याला माझी दया आली असावी. त्यानं कप उचलला. त्यानं ओठाला लावला न लावला तोच दारातला कडुबा हमाल उठला, बाहेर गेला आणि त्या तरुणाच्या बैलगाडीतलं पोतं पाठीवर घेऊन आत आला.

"अरे! अरे! काय करून राह्यला?" तरुण ओरडला.

"माल उतरून राह्यलो," कडुबा म्हणाला. "चहा घेतला ना तुम्ही?"

"आरं पण भाव कुठं झाला अजून!"

"मंग चहा कशाला घेतला?"

त्या पोरानं माझ्याकडे असं पाहिलं की मी ट्रे घेऊन मशीनच्या मागे गेलो.

मग कडुबानंच मला बाहेर नेऊन समजावलं. शेतकरी मूठभर नमुना आणतो. शेठ तो तळहातावर घेतात, दाताखाली एक दाणा धरतात आणि भाव सांगतात. शेतकरी त्यावर काही बोलत नाही. शेठ म्हणतात, "चहा घ्या." शेतकऱ्यानं घेतला तर भाव मान्य. "आत्ताच झाला" म्हणाला तर नामंजूर. मग शेठ थोडं वर सरकतात आणि पुन्हा चहा विचारतात. भावावरून कोणी आवाज चढवत नाही, कोणी कोणाचा अपमान करत नाही. सगळं भांडण चहाच्या आड होतं.

"आन् तू सगळ्यायला फुकट पाजत सुटला," कडुबा म्हणाला. "येडा हायेस का?"

मी फिजिक्सची दोन वर्षं पाठीशी घेऊन तिथे उभा होतो. मशीनची प्रत्येक तार मला ठाऊक होती. चहा कशासाठी असतो, हे मात्र मला कोणी सांगितलं नव्हतं.

आणि इथून खरी अडचण सुरू झाली. हॉटेलातून चहा यायचा तेव्हा शेठनी नुसतं बोट केलं तरी तो शेठनी दिला असं व्हायचं. मशीनचा चहा कोणी दिला? स्वतः बटण दाबायला एकही शेतकरी तयार नव्हता. एका म्हाताऱ्यानं मला सरळ सांगितलं, "आपणच बटण दाबायचं म्हणजे आपणच आपल्याला भाव सांगायचा. हे कुठलं शानपण?" दुकानातल्या दुसऱ्या कोणी बटण दाबलं तर तो चहा चालेना. शेवटी भाऊशेठ स्वतः गादीवरून उठायचे, मशीनपर्यंत जायचे, बटण दाबायचे, कप घेऊन परत यायचे आणि म्हणायचे, "घ्या." समोरचा म्हणायचा, "आत्ताच झाला." शेठ तो कप कडुबाला द्यायचे, भाव वाढवायचे आणि पुन्हा मशीनकडे जायचे. कष्ट वाचावेत म्हणून घेतलेल्या मशीननं तालुक्यातल्या मोठ्या व्यापाऱ्याला दिवसभर चहा वाटायला लावलं. दिवाळीपर्यंत शेठचं पोट बरंच उतरलं आणि कडुबाची झोप उडाली.

"आमच्या बापानं सुद्धा मला एवढं पळवलं न्हाई," शेठ मला म्हणायचे. पण मशीन काढ म्हणाले नाहीत. शेतकऱ्यांना आवडू लागलं होतं. शेठ स्वतः उठून चहा देतात ही गोष्ट आसपासच्या गावांत गेली होती आणि माल वाढला होता. मी दर पंधरवड्याला जायचो, डबे पुसायचो, थर उतरवायचो आणि परत येताना जीपमध्ये पुस्तक उघडायचो. आपलं वर्ष निघतंय, असं मला वाटायला लागलं होतं.

मग सांडूआबा आले.

सांडूआबा म्हणजे जाफराबादपासून जीपनं अर्ध्या तासावरच्या एका गावातले जुने शेतकरी. शेठचा आणि त्यांचा घरोबा दोघांच्या वडलांपासूनचा. आबा जिथे माल घालतील तिथे त्यांचं अख्खं गाव घालायचं. त्या दिवशी त्यांच्या ट्रॉलीमागे गावाच्या आणखी चार ट्रॉल्या होत्या. मी देखभालीला आलो होतो आणि मशीनला नुकतंच झाकण लावत होतो.

ते रब्बीच्या पाण्याचे दिवस होते. गावोगाव विहिरींवरच्या मोटारी सुरू झाल्या की विजेचा दाब पडायचा आणि जाफराबादच्या दिव्यात नुसती लाल तार दिसायची. शेठनी नमुना पाहिला, भाव सांगितला, उठले आणि बटण दाबलं. मशीन कण्हलं. पाण्याचा व्हॉल्व्ह उघडला, पण तेवढ्याशा विजेवर पावडरीची मोटर काही फिरली नाही. शेठची नजर आबांवर होती, कपावर नव्हती. त्यांनी दोन्ही हातांनी कप आबांसमोर धरला.

"घ्या आबा."

आबांनी कपात पाहिलं. आम्ही सगळ्यांनी पाहिलं. आत स्वच्छ, वाफाळतं, निव्वळ गरम पाणी होतं.

"शेठ," आबा शांतपणे म्हणाले, "हा तुमचा भाव का? ना रंग, ना चव."

त्यांनी कप पायरीवर ठेवला, टोपी सारखी केली आणि ट्रॅक्टरवर जाऊन बसले. मागच्या चारही ट्रॉल्या वळल्या. शेठ गादीवर बसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "महाशिवरात्रीपर्यंत आबा परत आले तर ठीक. न्हाई तर हे डबडं घेऊन जाय. बिलकुल ठेवणार न्हाई."

दिनेशभाईंनी लगेच एक चांगला स्टॅबिलायझर पाठवला. तो बसवल्यावर दिवा मिणमिणत असतानाही चहा दाट यायला लागला. पण आबांना कुठलाही स्टॅबिलायझर परत आणू शकत नव्हता. म्हणून एका रविवारी मी स्वतःच जीपनं त्यांच्या गावी गेलो.

आबा ओट्यावर तूर पाखडणाऱ्या बायकांकडे बघत बसले होते. मी नमस्कार केला आणि जीपमध्ये पाठ केलेलं बोलायला लागलो: कमी दाब, मोटर, व्हॉल्व्ह. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि आत हाक मारली, "चहा ठेव गं, मशीनवाला आलाय."

त्यांची कारभारीण कपबशी घेऊन बाहेर आली. मी आता शहाणा झालो होतो. बोलणं पुरं व्हायच्या आत चहा घेणं मला धोक्याचं वाटलं. मी म्हणालो, "आत्ताच झाला."

आबा असे हसले की पाखडणाऱ्या बायका थांबल्या. "ऐकलं का? शिकला पोरगा! घे रे, हा सौद्याचा न्हाई, घरचा हाय."

"का, इख घातलंय का त्याच्यात?" काकू म्हणाल्या. "घे बाबू. बशीत ओत."

मी घेतला. मग आबांनी विचारलं, "त्या मशीनमध्ये अर्क असतो का पावडर?"

"पावडर."

"आन् 'घ्या' म्हणायची सोय?"

"नाही."

"मंग त्याचा काय दोष? त्याला कोणी शिकवलंच न्हाई." थोड्या वेळानं ते आवाज खाली करून म्हणाले, "सोयाबीन मी कोणालाच घातलं न्हाई. त्या खोलीत पडलेलं हाय. गावाचं बी तसंच. शेठचा भाव कमी होता रे. भाव कमी म्हणून उठलो असतो तर बापापासूनचा घरोबा तुटला असता. चहा बिघडला म्हणून उठलो, तर उद्या परत जाता येतं. तुझ्या मशीननं लय येळेवर पाणी दिलं."

मी कपबशी खाली ठेवली. "मग परत या ना, आबा."

"बोलावणं आलं तर येईन."

"शेठना सांगू?"

"हे जे मी बोललो ते सांगायचं न्हाई. बिलकुल न्हाई. तू माझ्या घरचा चहा घेतलायस."

घरचा आहे असं सांगून दिलेल्या चहाचाही शेवटी सौदाच झाला.

जाफराबादला येऊन मी शेठना एवढंच म्हणालो की आबांना निरोप पाठवला तर बरं होईल. शेठ म्हणाले, "उठून कोण गेलं? ते. मंग यायचं कोणी?" आबा बोलावण्याची वाट बघत होते आणि शेठ येण्याची. मधे ते मशीन, आणि मशीनच्या मागे माझी परीक्षा. दर फेरीला मी गादीकडे बघायचो, आबांचं नाव निघतं का म्हणून. कडुबा मान हलवायचा. काय झालं ते मला माहीत होतं, पण बोलायची मुभा नव्हती. मशीन उघडून पुसत बसण्याखेरीज माझ्या हातात काही नव्हतं, म्हणून मी ते इतकं पुसलं की शेठ म्हणाले, "पॉलिश जाईल त्याचं."

महाशिवरात्र गेली. दिनेशभाईंनी सलीमला टेम्पो घेऊन जायला सांगितलं. माझं प्रॅक्टिकल टेम्पोच्या दुसऱ्या दिवशी होतं. त्याआधीच्या शेवटच्या फेरीत जाफराबादच्या स्टँडवर मला सांडूआबा भेटले. औषधं घ्यायला आले होते.

"काय मशीनवाले, चहा नीट येऊन राह्यला का?"

"येतो आबा. पण सोमवारी मशीन परत चाललंय."

"मंग तुझं कॉलेज?"

"बघू," मी म्हणालो.

आबांनी सुपारी कातरली, तोंडात टाकली आणि त्यांची बस लागली म्हणून निघून गेले.

सोमवारी मी खोलीवर प्रॅक्टिकलची तयारी करत होतो. करत होतो म्हणजे पुस्तक उघडं होतं. तीच आकृती मी सकाळपासून बघत होतो. अंथरुणाची वळकटी बांधून ठेवली होती. टेम्पोत मशीन आलेलं दिसलं की घरी काय सांगायचं, तेही ठरवून ठेवलं होतं. दुपार टळली, ऊन कललं, तरी टेम्पो नाही. शेवटी दिवे लागायच्या वेळी खाली हॉर्न वाजला. मी धावत उतरलो. टेम्पोचा मागचा भाग रिकामा होता.

"मशीन?"

"सांगतो, सांगतो. आधी पाणी दे," सलीम म्हणाला. तो तांब्याभर पाणी प्यायला आणि मग सांगायला लागला.

"म्या प्लग काढला. कडुबानं एक बाजू धरली, म्या एक धरली. इतक्यात ट्रॉल्या आल्या. तुमचे ते आबा उतरले. म्हणले, कुठं नेऊन राह्यले? म्या म्हणलं, वापस. ते म्हणले, थांब, चहा घ्यायचा हाय. मंग परत प्लग लावला. पाणी गरम होईस्तोवर शेठ रस्त्याकडं बघून राह्यले, आबा छताकडं. शेठ उठतील म्हणून आम्ही वाट पाहतोय. मशीनची बत्ती लागली, आन् आबाच उठले ना! सोताच्या हातानं बटण दाबलं, कप घेतला आन् गादीपाशी जाऊन शेठपुढं धरला. घ्या म्हणले."

"शेतकऱ्यानं? शेठला?"

"मंग! आख्खं दुकान उभं राह्यलं."

"आणि शेठनी घेतला?"

"शेठ म्हणले, आत्ताच झाला."

मी टेम्पोची मागची फळी धरली. "मग?"

"मंग आबानी तो कप कडुबाला देला, माघारी गेले, आन् दुसरा भरून आणला. भाव किती कमी केला का न्हाई केला ते अल्लाला माहीत, तोंडानं तर एक शब्द बोलले न्हाईत. फकस्त धरून उभे राह्यले. म्हातारा माणूस, पण खाली बसंना. शेठनी बघितलं, आन् घेतला."

"पावडर नीट पडली होती ना?" मी विचारलं. "रंग आला होता का?"

"तुला रंगाची पडली!" सलीमनं तांब्या माझ्या हातात दिला. "शेठनी सांगितलंय, पावडर संपत आली, उद्या घेऊन ये. म्या म्हणलं, उद्या त्याची परीक्षा हाय. तर म्हणले, मंग आधी परीक्षा दे म्हणावं. मशीन काही कुठं चाललं न्हाई."